बालगृह की बालसंगोपन: एका मुलाचा खर्च नक्की किती?

जमाखर्च:
आईबाप नसलेल्या किंवा असून सांभाळता न येणाऱ्या मुलाला नातेवाइकांकडे राहता यावं म्हणून राज्याची बालसंगोपन योजना आहे. २०२३ पर्यंत महिना ११०० मिळायचे, आता २२५०. राबवणाऱ्या संस्थेला मुलामागे २५० वेगळे. केंद्राच्या मिशन वात्सल्य या बालसंरक्षण योजनेत घरी राहणाऱ्या मुलाच्या प्रायोजकत्वाला ४०००, तर बालगृहातल्या मुलाच्या निर्वाहाला ३०००. घ्या, कागदावर बालगृहच स्वस्त! पण अधीक्षक, समुपदेशक, स्वयंपाकी यांचे पगार वेगळ्या शीर्षात (खर्चाच्या खात्यात), इमारत तिसरीकडेच. सगळं एका ओळीत मांडा, मग बोला. २०१५ चा बालन्याय कायदाही मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा पर्याय मानतो. बालगृहं कमी करून तो पैसा घरांकडे वळवावा, असं माझं स्पष्ट मत.

अधीक्षकबाई:
बेरीज बरोबर, तुलना चूक. रात्री अकराला पोलीस स्टेशनवर सापडलेली मुलगी आणून सोडतात, तिला कुठल्या मावशीकडे पाठवू? घरातल्याच माणसाने छळलेलं मूल त्याच घरी? आणि मुलं पन्नासची पंचवीस झाली म्हणून रात्रपाळीची काळजीवाहक अर्धी ठेवता येत नाही. दर मुलामागे खर्च वाढतो, मग तुम्हीच म्हणता महाग आहे, बंद करा.

धुळेकर:
माझी आई माझ्या बहिणीची दोन मुलं सांभाळते. २२५० म्हणजे दिवसाला ७५ रुपये. तेही महिन्याच्या महिन्याला येत नाहीत. गेल्या वेळी सात महिन्यांचे एकदम आले. तोवर किराणावाल्याची उधारी. उत्पन्नाचा दाखला, शाळेचं बोनाफाईड, मृत्यूचा दाखला, मग मुलाला कुठे ठेवायचं ते ठरवणाऱ्या बालकल्याण समितीसमोर हजर व्हा. प्रत्येक खेपेला मजुरी बुडते. जमाखर्चसाहेब, आईचे कष्ट कुठल्या शीर्षात टाकले? घर स्वस्त पडतं, कारण आजी फुकट राबते.

मेंदूवाला:
रुमानियात बुखारेस्टला बालगृहांतल्या १३६ मुलांवर अभ्यास झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निम्मी मुलं पालक-कुटुंबांत दिली, बाकीच्यांची नेहमीची व्यवस्था चालू ठेवली. कुटुंबांत गेलेल्यांचा बुद्ध्यंक पुढे जास्त निघाला, दोन वर्षांच्या आत गेलेली तर अधिकच सावरली. त्यामुळे कल घरांकडेच. पण ती कुटुंबं पारखून घेतलेली, पैसे मिळणारी, पाठीशी समाजसेवक. आपल्याकडे त्या पाठपुराव्याला २५० रुपये! एसटीचं भाडं तरी सुटेल का?

अधीक्षकबाई:
तान्ह्या मुलांबाबत शंभर टक्के मान्य. पण माझ्याकडची बहुतेक मुलं दहा-बारा वर्षांची येतात. अशा वयाचा मुलगा घ्यायला किती घरं तयार आहेत, तुम्हीच सांगा. 'वळवा' म्हणणं सोपं आहे.

जमाखर्च:
धुळेकर, आजींची मजुरी मी धरलीच नव्हती. ती धरली तर माझा फरक बराच आटतो. तरी नुसती गरिबी म्हणून बालगृहात आलेलं मूल घ्या. घरी वेळेवर पैसे पोचले असते तर ते आलंच नसतं, आणि हा न झालेला खर्च कुठल्याच अहवालात दिसत नाही. बाई, तुमच्याकडे अशी किती?

अधीक्षकबाई:
आहेत. दिवाळीच्या सुट्टीत घरी जातात, ती हीच. त्यांना खुशाल पाठवा, मी अडवणार नाही. फक्त पैसे आधी पोचू देत, मूल नंतर.

धुळेकर:
बाई, हे लाख बोललात. आमचा या महिन्याचा हप्ता अजून यायचाय.