मदत हवी आहे: जबड्याचं हाड जुळलं, पण भावाचं दुखणं थांबेना

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे वाचनमात्र असते, आज गरज पडली म्हणून लिहिते आहे. पोस्ट लांबली तर सांभाळून घ्या.

माझा धाकटा भाऊ, वय ३४, सातपूरला नोकरीला. गेल्या पावसाळ्यात रात्रपाळीहून येताना बाईक खड्ड्यात गेली. डोक्यावर हेल्मेट होतं, पण अर्धं, जबडा उघडा ठेवणारं. डोकं वाचलं आणि हनुवटी डांबरावर आपटली. खालचा जबडा उजवीकडे मोडला, वरचे पुढचे दोन दात पडले. एक दात कोणीतरी रुमालात बांधून आणलाही होता, पण तोवर सुकून गेलेला. पडलेला दात दुधात ठेवायचा असतो, हे आम्हाला नंतर कळलं. ऑपरेशन करून प्लेट बसवल्या, पुढे ब्रिजही बसला.

याला आता चौदा महिने झाले. एक्स-रेत हाड छान जुळलेलं दिसतं. पण खालच्या ओठाची उजवी बाजू आणि हनुवटी अजून बधिर आहे, आणि गंमत म्हणजे बधिर आहे तिथेच जळतं. दाढी करताना ब्लेड नुसतं टेकलं तरी करंट बसल्यासारखा दचकतो, म्हणून दाढी अर्धीच वाढलेली. उजवीकडच्या दोन दाढांचं रूट कॅनल करून झालं. दुखणं तसूभर हललं नाही. आता तिसरे डॉक्टर म्हणतात, दाढ काढूनच टाकू.

पण मला खरं विचारायचंय ते वेगळंच. रविवारी सकाळी उठून मिसळीला पळणारा हा माणूस. मागच्या रविवारी मीच घेऊन गेले. पाव रश्श्यात बुडवून मऊ करून दिला, चावायचा त्रास नव्हता. दोन घास खाल्ले आणि वाटीकडे बघत बसला, तर्री गार होऊन वर थर धरेपर्यंत. "दुखतंय का?" "नाही गं, नको वाटतंय." क्रिकेट बंद, मित्र बंद. चार वर्षांची भाची गळ्यात पडायला आली की आधी तोंड फिरवतो. भावजय कंटाळून म्हणते नाटकं आहेत, आई दृष्ट काढते.

एका डॉक्टरांनी रात्री घ्यायला अ‍ॅमिट्रिप्टिलिन १० मिलिग्रॅम दिलं होतं. याने नेटवर 'डिप्रेशनचं औषध' एवढं वाचलं आणि पाकीट कचऱ्यात टाकलं. "मी वेडा नाही." आणि मेडिकलमधून आणलेल्या पेनकिलर मात्र दिवसाला तीन-तीन.

मेंदूत आनंदाचं, बक्षिसाचं एक केंद्र असतं आणि जुनाट दुखण्यात तेही बिघडतं, असं मी कुठेतरी वाचलं. यात तथ्य आहे का? दाढ काढू द्यावी का? आणि मानसोपचारतज्ज्ञाचं नाव त्याच्यापुढे काढायचं कसं?

दंतोपंत
ताई, दाढ काढायची घाई करू नका. आधी डॉक्टरांना एकच विचारा: त्या भागात भुलीचं इंजेक्शन देऊन बघितलंय का? भूल नीट चढूनही दुखणं तसंच राहिलं, तर दाढ काढून ते जाण्याची आशा फार कमी.

तुमच्या वर्णनावरून मला नसेचा संशय येतो. खालच्या दातांची नस जबड्याच्या हाडातून जाते आणि पुढे ओठ-हनुवटीत उतरते. हाड मोडलं की ती ताणली किंवा चिरडली जाते. बधिरपणा, जळजळ आणि हलक्या स्पर्शाने कळ, तिन्ही एकत्र म्हणजे नसदुखीचीच चाल. अशा दुखण्यावर नेहमीच्या पेनकिलर बहुधा चालत नाहीत, पोट आणि मूत्रपिंडावर मात्र भार टाकतात. त्या आधी कमी करायला सांगा.

अ‍ॅमिट्रिप्टिलिन नैराश्यासाठी यापेक्षा बऱ्याच मोठ्या मात्रेत देतात. १० मिलिग्रॅम नसदुखीसाठीच दिलं असणार. तोंड कोरडं पडतं, सकाळी जड वाटतं, गुण यायला काही आठवडे लागतात. पण डॉक्टरांना विचारूनच पुन्हा सुरू करा.

कुठे दाखवायचं म्हणाल तर दंत महाविद्यालयातला ओरल मेडिसिन (तोंड-जबड्याच्या दुखण्यांचा) विभाग, किंवा न्यूरॉलॉजिस्ट. तपासायला निघायच्या आधी घरी कापसाचा बोळा दोन्ही गालांवरून, हनुवटीवरून हलकेच फिरवा. कुठे बधिर, कुठे कळ, ते पेनने चेहऱ्याच्या चित्रावर काढून न्या. आमचं अर्धं काम होतं.

लवंगेश
लवंगतेलाचा बोळा ठेवा, आमच्या आजीचा हमखास उपाय.

दंतोपंत
किडक्या दाताला ठीक. नसेवर नको. आधीच जळतंय तिथे आणखी जळेल.

मज्जारज्जू
मेंदूवाल्या प्रश्नाचं मी सांगतो, हा माझ्या अभ्यासाचा विषय आहे. हो, तथ्य आहे. १९५४ मध्ये ओल्ड्स आणि मिल्नर यांनी उंदरांच्या मेंदूत तारा बसवल्या. ठरावीक जागी तार असली की उंदीर तो विजेचा झटका मिळवायला पुन्हा पुन्हा कळ दाबत. बक्षीस-यंत्रणेचा शोध तिथून सुरू झाला. तिच्यातला न्यूक्लियस अ‍ॅक्युम्बन्स हा भाग 'हे मिळवण्यासारखं आहे' असं वाटण्याशी जोडलेला आहे, आणि दुखणं थांबल्यावर वाटणाऱ्या सुटकेशीही.

२०१२ मध्ये अपकारियन यांच्या गटाने पाठदुखी नुकतीच सुरू झालेल्या लोकांना वर्षभर तपासलं. ज्यांच्या मेंदूत हा भाग आणि कपाळामागचा भाग सुरुवातीपासूनच एकमेकांशी जास्त जोडलेले दिसले, त्यांची पाठदुखी रेंगाळण्याची शक्यता जास्त निघाली. अभ्यास पाठीचा आहे, जबड्याचा नाही, हे लक्षात ठेवा. पण 'नको वाटतंय' हे नाटक नसून दुखण्याचाच भाग असू शकतो, एवढं वहिनींना बेधडक सांगा.

आणि 'मनाचं' म्हणजे खोटं, हे तर १९७८ सालीच मोडीत निघालं. लेव्हिन, गॉर्डन आणि फील्ड्स यांनी अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांवर प्रयोग केला. औषध म्हणून दिलेल्या, पण आत औषध नसलेल्या डोसाने (प्लासिबो) ज्यांना बरं वाटत होतं, त्यांना नॅलोक्सोन दिल्यावर दुखणं वाढलं. नॅलोक्सोन अफूच्या जातीच्या औषधांचा परिणाम अडवतं. म्हणजे मेंदू स्वतःचंच वेदनाशामक सोडत होता, असा त्यांनी अर्थ लावला.

सायली_ठाणे
मला चेहऱ्याच्या नसेचा त्रास होता. मानसोपचाराला मी 'डोक्याच्या डॉक्टरकडे' म्हणून गेलेच नसते. नवरा म्हणाला, "दुखण्यासाठी अजून एक डॉक्टर." गेले. भावाला सरळ विचारा मात्र, जगणं नकोसं वाटतं का. विचारल्याने तसं काही डोक्यात भरत नाही. हो म्हणाला तर त्याच दिवशी न्या, एकटं सोडू नका.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार. काल विचारलं. म्हणाला, "तसं नाही गं, पण कशाचंच काही वाटत नाही." मग कापसाचा बोळा फिरवला. हनुवटीच्या मधोमध रेघ आखल्यासारखं निघालं, डावीकडे स्पर्श, उजवीकडे कळ. भावजय शेजारी उभी होती. चित्र तिनेच काढलं. दाढ काढायची गुरुवारची वेळ रद्द केली आहे. ओरल मेडिसिनला सोमवारी जातोय, येऊन इथेच लिहिते.