'बेस्ट मॅन'ला मराठीत काय म्हणाल?

अनुवादिका: इंग्लंडमधल्या चर्चमधल्या लग्नाचा प्रसंग मराठीत आणतेय. बेस्ट मॅन अंगठ्या सांभाळतो, नवऱ्याला वेळेवर वेदीपाशी आणतो, जेवणाच्या वेळी भाषण करतो. बाकीचे ग्रूम्समन, म्हणजे नवऱ्याचे इतर सोबती, पाहुण्यांना जागा दाखवतात. मी 'करवला' लिहिलं, संपादकांनी खोडलं. असा शब्दच नाही म्हणे!

सांगलीकर: नाही कसा? आतेभावाच्या लग्नात मी स्वतः करवला होतो. मेहुण्या बुटांवर टपलेल्या, म्हणून त्याचे बूट पिशवीत घालून ती काखेत घेऊन अख्ख्या मांडवभर फिरलो. अक्षता पडताना पण पिशवी सोडली नाही.

पेठकर: करा धरते ती करवली. करा म्हणजे पाण्याचं भांडं, संस्कृत 'करक'. करा वराच्या बहिणीच्या हाती असतो, मग करवला आला कुठून? 'वरसखा' लिहा.

सांगलीकर: वरसखा कधी कुणाच्या तोंडून ऐकलात? आमच्या गल्लीत लहान पोरंही करवला म्हणतात.

मालवणकर: आमच्यात धेडो आणि धेडी. गोव्यातल्या ख्रिस्ती लग्नांतही हेच शब्द आहेत, आणि तिथला धेडो म्हणजे थेट तुमचा बेस्ट मॅन. लग्न चर्चमधलंच आहे, तर 'धेडा' करा की.

अनुवादिका: अर्थ चपखल बसतो. पण देशावरच्या वाचकाला त्यात जुनी जातिवाचक शिवी ऐकू येईल. ते मला नको.

मालवणकर: आमच्याकडे तो मानाचा शब्द आहे, ताई. देशावर कसा ऐकू येतो एवढ्यावरून तो टाकायचा?

नागपूरकर: 'साक्षीदार' चालेल का? विशेष विवाह कायदा, 1954, त्यात तीन साक्षीदारांच्या सह्या लागतात.

पेठकर: सही केली की साक्षीदार मोकळा. त्यापेक्षा 'पाठराखा' बरा. नवरीची पाठराखीण असतेच.

जळगावकर: पाठराखीण लग्नानंतर नवरीसोबत सासरी जाते. बेस्ट मॅनचं काम लग्नाच्या दिवशीच संपतं. आणि मानाचं विचाराल तर खरा मान कानपिळ्याचा. लाजाहोमाच्या वेळी नवरीचा भाऊ वराचा कान पिळतो आणि पोशाख घेतो.

सांगलीकर: कानपिळ्या नव्हे, कानपिळी.

जळगावकर: कानपिळी हा विधी. भाऊ तो कानपिळ्या.

पेठकर: आमच्या घरी भावालाच कानपिळी म्हणतात. आजीही तेच म्हणायची.

नागपूरकर: सख्खा भाऊ नसेल तर मान कुणाचा? चुलतभावाचा की मामेभावाचा? आमच्याकडे यावरून भर मांडवात वाजलं होतं.