गावाकडच्या लग्नात कॅमेरा घेऊन फिरताना : तुमचेही अनुभव लिहा

नमस्कार मंडळी. माण-खटाव भागात लग्नाचे फोटो काढायला लागून मला चौदा वर्षं झाली. हॉलमधली लग्नं पण करतो, पोट त्याच्यावरच आहे, पण दारात मांडव घालून केलेलं लग्न असलं की मी जरा जास्तच खुशीत असतो. परवा एका नवीन पोराने विचारलं, दादा ही निवांत लग्नं तुम्ही कशी शोधता? मला हसूच आलं. लग्नाचा दिवस निवांत नसतोच ओ. मुलीचा बाप लग्नाच्या दिवशी निवांत दिसला तर समजा काहीतरी गडबड आहे. निवांत असतो तो आदला दिवस.

म्हणून मी आदल्या दिवशी जातो, जादा पैसे घेत नाही. ट्रॅक्टरमधून मांडवडहाळे येतात, पोरं आंब्याचे डहाळे बांधायला शिडीवर चढलेली असतात, आत बायका घाणा भरत असतात, मुसळाला आंब्याची पानं आणि हळकुंड बांधायचं कुणी यावरून दोन आत्यांमध्ये बारीक कुरबूर चाललेली असते. पहिला तासभर सगळे कॅमेऱ्याकडे बघून ताठ उभे राहतात, बारकी पोरं तर "माझा काढ, माझा काढ" करून पाठ सोडत नाहीत. काढायचे, दाखवायचे. संध्याकाळपर्यंत पोरांना कंटाळा येतो, मोठ्यांना कामं असतात, आणि मग आपण कुणाला दिसेनासे होतो. दुसऱ्या दिवशी त्याचा खरा फायदा.

आणखी एक फायदा, तो मला मार खाऊन कळला. मांडवाचं कापड असतं लाल-पिवळ्या पट्ट्यांचं. साडेबाराचं ऊन त्यातून खाली झिरपलं की नवरीचं अर्धं तोंड लाल, अर्धं पिवळं. कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंग आपोआप सारखे करणारी सोय, येडा होतो, एक रंग काढायला गेलं की दुसरा वाढतो. पहिल्या वर्षी एका लग्नाचे तीनेकशे फोटो मी तसेच दिले होते, नवरदेवाचा मामा अल्बम बघून म्हणाला, पोराला कावीळ झाल्यागत दिसतंय. आता मांडववाल्याला आदल्या दिवशीच सांगतो की नवरा-नवरी उभे राहतात तेवढ्या जागेवर पांढरं कापड टाका. तो टाकतो. लग्नादिवशी सांगून उपयोग नाही, तोवर शिडी दुसऱ्या गावाला गेलेली असते.

तर तुम्ही फोटोवाले असा, नवरी असा नाहीतर नुसते पाव्हणे, लिहा.

—

आमचं वर्धेकडचं. तुमचा आदला दिवस वगैरे ठीक आहे पण आमच्याकडे मे महिन्यात आदल्या दिवशी पण ४५ डिग्रीच असते, निवांतपणा कुठून आणायचा.

पत्रिकेत मुहूर्त ११ वाजून २० मिनिटांचा, आणि नवरदेव मारुतीच्या देवळातून निघाला तेव्हा एक वाजून गेला होता कारण बँड पारापाशी थांबला आणि पोरं हलेचनात. मी व्हिडिओ चालू ठेवून उन्हात उलटा चालतोय. नवाकोरा मिररलेस कॅमेरा, हप्ते चालू होते. स्क्रीनवर थर्मामीटरचं चिन्ह आलं आणि बंद. घरच्या काकूंनी ते बघितलं, म्हणाल्या द्या इकडं, आणि कॅमेरा घेऊन थेट माठाखालच्या ओल्या पोत्यावर ठेवायला निघाल्या. मी असा पळालो की वरातीत कुणी पळालं नसेल. शेवटी धान्याच्या खोलीत गव्हाच्या पोत्यावर, बॅटरी काढून, सुती टॉवेलवर ठेवला, आणि मंगलाष्टकं सगळी दहा वर्षं जुन्या डीएसएलआरवर काढली. त्या काळ्या विटेला ऊन नाही समजत अन् काहीच नाही समजत. व्हिडिओत नवरदेव मांडवाच्या कमानीपर्यंत येतो आणि पुढे थेट जेवणाची पंगत आहे. ते लोक आजपण मला विचारतात, भाऊ मधातलं लग्न कुठी गेलं.

—

मी फोटोवाली नाही, मी नवरी. साल १९९४, गाव बार्शीजवळ. फोटोग्राफर परवडत होता पण भावाचा मित्र म्हणाला मी काढतो, माझ्याकडे कॅमेरा आहे, रोल तेवढा द्या. ३६ चा एक रोल. सकाळपासून तो खटाखट फोटो काढतोय, हळद, कानपिळी, सप्तपदी, सूनमुख. संध्याकाळी झाल धरायच्या वेळी त्याच्या लक्षात आलं की आकडा ३६ च्या पुढे गेला तरी रोल संपत नाहीये. ३८, ४०. तेव्हा तो एकदम गप्प झाला, मला अजून त्याचा चेहरा आठवतो. रोलचं टोक दातऱ्यात अडकलंच नव्हतं, आत सगळी फिल्म जागेवरच. नंतर एका फोटोवाल्याने मला सांगितलं की फोटो पुढे सरकवताना डावीकडची रिळाची चावी फिरते का बघायचं असतं. आता काय उपयोग.

पाचव्या दिवशी सासूबाईंनी मला परत शालू नेसवला, ह्यांना फेटा, दोघांना मुंडावळ्या, आणि अंगणात उभं करून त्याच रोलवर फोटो काढले. मांडव उतरलेला. मागे दोरीवर धुतलेली पातळं वाळत आहेत आणि एक म्हैस. आमच्या लग्नाचे फोटो म्हणून हेच. मुलगी लहानपणी विचारायची, आई तुझ्या लग्नाला फक्त म्हैसच आली होती का?

—

राजापूरकडचा आहे. वरती लाल कापडाबद्दल लिहिलंय, पण आमच्याकडे खळ्यात जांभ्याच्या चिऱ्यांवरून जो उजेड उलटतो तो पण तांबूसच असतो आणि चेहऱ्यावर फार छान पडतो, मी तो मुद्दाम घालवत नाही. अडचण माजघरात. भरदुपारी पण आयएसओ (कॅमेरा उजेड किती टिपतो तो आकडा) ६४०० च्या खाली भागत नाही, फ्लॅश मारावा तर चुलीचा धूर पांढराफटक होऊन माणसं मागे गायब. म्हणून दोन कौलं काढून काचेची बसवायला लावली. घर मावशीचं होतं म्हणून चाललं, गिऱ्हाइकाकडे करू नका.

—

अंतरपाटाबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. शेवटच्या सावधानला अंतरपाट बाजूला होतो, दोघं एकमेकांकडे बघतात, हार घालतात, हे सगळं मिळून चार-पाच सेकंद. आणि नेमकं तेव्हाच ऐंशी मोबाइल वर होतात. माझ्याकडे एका लग्नात त्या क्षणाचे अकरा फोटो आहेत, अकरांत कुणाच्यातरी काकांचं कोपर आहे. मोबाइलवाल्यांशी भांडून काही होत नाही, त्यांच्या घरचं लग्न आहे.

दुसरं म्हणजे शेवटचं मंगलाष्टक कुठलं हे कळतच नाही. गुरुजींची संपली की आत्या स्वतः रचलेलं म्हणते, मग काका, मग शाळेतले सर, आणि प्रत्येकाच्या शेवटी सावधान आहेच. आता मी गुरुजींना आधी भेटतो, सांगतो शेवटच्याला सुरुवात करताना माझ्याकडे एकदा बघा. मग मुलीच्या मामाच्या कमरेशी गुडघ्यावर बसायचं, शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागापेक्षा हळू नाही, म्हणजे अक्षता दाणादाणा सुट्ट्या दिसतात, नाहीतर पांढऱ्या रेघा येतात. अक्षता लेन्सच्या हुडमध्ये पण पडतात. घरी आल्यावर बॅग झटकली की बायको म्हणते, आज किती किलो.

—

कराड भागात स्टुडिओ आहे. फक्त पैशाचं लिहितो. ॲडव्हान्स मिळतो, बाकीचे "उसाचं बिल आलं की". आम्ही पण अल्बम देत नाही, नुसता दाखवतो. एक जोडपं दोन वर्षांनी आलं, कडेवर पोरगं घेऊन, सगळी बाकी एकरकमी ठेवली आणि म्हणतात ह्याच्या बारशाचे पण ह्यातच लावा की, पानं शिल्लक असतील. लावले.

—

मधमाशांचा किस्सा. ड्रोन नवरदेवाच्या मित्रांनी आणलेला, माझा त्याच्याशी संबंध नाही हे आधी सांगतो. गावाच्या मधोमध जुना वड, वडाला आग्या मोहोळ, सगळ्या गावाला माहीत, ड्रोनवाल्या पोराला नाही. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे २५० ग्रॅमच्या वरचा ड्रोन धंद्यासाठी उडवायचा तर सर्टिफिकेट लागतं, ते त्याच्याकडे नव्हतं, मधमाशांनी ते बघायला मागितलं नाही. वरात वडाखाली आली, ड्रोन फांदीजवळ गेला, आणि अर्ध्या मिनिटात रस्त्यावर फक्त बँडचा ढोल उरला. नवरदेवावर कुणीतरी घोंगडं टाकलं आणि त्याला गोठ्यात ढकललं, मी पण त्याच गोठ्यात. तिथे बसून त्याने मला पहिल्यांदा नीट विचारलं, काय हो, तुमचं लग्न झालंय का?

सुदैवाने कुणाला दवाखान्यात राहावं लागलं नाही, लग्न तीन तास उशिरा लागलं. पण नवरदेवाचा उजवा डोळा पार मिटलेला. अख्ख्या अल्बममध्ये तो डावीकडूनच आहे.

—

मागच्या वर्षी नगर जिल्ह्यात एक सत्यशोधक पद्धतीचं लग्न केलं. जोतिबा फुल्यांनी सत्यशोधक समाज काढला १८७३ च्या सप्टेंबरात आणि पहिलं लग्न त्याच वर्षी डिसेंबरात लागलं, एवढं मला तिथल्या एका सरांकडून कळलं, तोवर मी फक्त नाव ऐकून होतो. फोटोवाल्याच्या दृष्टीने सांगतो, मुहूर्त नाही! मुलगी म्हणाली, दादा उजेड कधी चांगला असतो तेव्हा लावू. इतक्या वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी संध्याकाळचे सहा सांगितले, शेताच्या बांधावर, सूर्य तिच्या डाव्या हाताला.

अडचण वेगळीच आली. जोतिबांच्या मंगलाष्टकांत नवरा-नवरी स्वतः बोलतात, एकमेकांना वचन देतात. मुलाने कागद धरलेला, त्यामुळे त्याच्या प्रत्येक फोटोत पापण्या खाली, जसा काय वीजबिल वाचतोय. मुलीचं पाठ होतं, ती सरळ त्याच्याकडे बघून म्हणत होती. मग मी त्याचा नाद सोडला आणि कॅमेरा तिच्यावरच ठेवला. अक्षतांऐवजी झेंडूच्या पाकळ्या होत्या, त्या हळू पडतात, फोटोला बऱ्या.

—

कँडिडवाल्यांना, म्हणजे उभं न करता नकळत फोटो काढणाऱ्यांना, एक विनंती. ग्रामपंचायतीत विवाह नोंदणीच्या अर्जाला लग्नातला फोटो जोडावा लागतो, दोघांचे चेहरे दिसणारा. माझ्याकडे सहाशे फोटो आहेत, एकात मी हसतेय आणि हे जिलबीकडे बघतायत, एकात हे रडतायत आणि मी पाठमोरी. ग्रामसेवक म्हणाले, ताई, हे दोघं एकाच लग्नातले आहेत कशावरून? शेवटी चुलतसासऱ्यांनी मोबाइलवर काढलेला, अंगठा आलेला, तो जोडला. एक तरी सरळ काढत जा हो.

—

धागा काढणारा परत आलोय. शेवटच्या ताईंचं शंभर टक्के बरोबर, सरळ फोटो मी अक्षता पडल्या पडल्या घेतो, तेव्हा दोघं थकलेली असतात आणि सांगाल तिकडे बघतात. आणि राजापूरकर, काचेची कौलं म्हणजे कमाल आहे.

आदल्या दिवसाचा एक राहिला होता. म्हसवडच्या पुढे एका वस्तीवर, दुपारी सगळे जेवून आडवे झालेले, नवऱ्या मुलीच्या आजीने मला खुणेनं मागच्या दारी बोलावलं. म्हणाली, माझा एकलीचा काढ. मी कॅमेरा लावला तर थांब म्हणाली, आत गेली, नवं इरकल नेसून आली, चष्मा काढून कनवटीला खोचला. मी म्हणालो आजी जरा हसा की. तर म्हणाली, भितीवर लावायचाय, हसून कसं चालंल, लोकं बघायला येत्यात. कशासाठी हवाय ते मला तेव्हा कळलं. मातीच्या भिंतीपुढे उभी केली, सावलीत, डोक्यावरचा पदर तिने स्वतःच दोनदा सारखा केला. चार काढले. तिला स्क्रीनवर दाखवले, तिने तिसऱ्यावर बोट ठेवलं.

पैशाचं काय, असं मी चेष्टेत विचारलं. तर म्हणते, आत्ता कुठलं? लागंल तवा पोरं देतील.

सात वर्षं झाली. गेल्या पाडव्याला त्याच वस्तीवर धाकट्या नातीचं लग्न होतं. आजी पंगतीत वाढप्यांवर ओरडत होती. मला बघितल्याबरोबर म्हणाली, त्यो फोटू जपून ठिवलाय न्हवं?