मालवणला भुयारी गटार, की आहेत त्या सेप्टिक टाक्याच नीट करायच्या?

भरतीओहोटी: काल इथे कुणी लिहिलं, "मालवणात भुयारी गटार टाका, एक एसटीपी (सांडपाणी शुद्धीकरण केंद्र) बांधा, खाडी आपोआप स्वच्छ होईल." आपोआप काही होत नाही हो! माणशी 135 लिटर पाणी धरलं तर त्याचं 80 टक्के, म्हणजे 108 लिटर सांडपाणी होतं. त्या हिशोबानं केंद्र बांधलं जातं. आणि जुलैत? छपराची पन्हळं लोक गुपचूप गटाराच्या चेंबरला जोडतात. 100 चौरस मीटर छप्पर, तासाला 50 मिमी पाऊस, म्हणजे एका घरातून तासाभरात 5,000 लिटर. 46 माणसांचं दिवसभराचं सांडपाणी! एवढा लोंढा आला की केंद्रात हवा सोडायच्या टाकीतला, घाण खाणाऱ्या जिवाणूंचा गाळच वाहून जातो, नवा वाढायला आठवडे लागतात. उन्हाळ्यात उलट रड. जोडण्या कमी, नळीतला वेग सेकंदाला 0.6 मीटरच्या खाली, मैला बसतो आणि सडतो.

खाडीकाठ: मग पन्हळं तोडा, गटार का नाकारता? सेप्टिक टाकीतलं पाणी जमिनीत मुरवणारा शोषखड्डा विहिरीपासून 18 मीटर लांब हवा. बाजारपेठेतल्या घरांना एवढं परसू तरी आहे का? आणि जांभ्याच्या भेगांतून पाणी गाळलं न जाताच विहिरीत उतरतं.

चिरेखाण: 18 मीटरचं नंतर बघू. आधी टाकी ही टाकी आहे का ते बघा. चिऱ्यांची चौकट उभी करतात, तळ घालत नाहीत, वर स्लॅब टाकून तिला सेप्टिक टँक म्हणतात. "वीस वर्षांत उपसावी लागली नाही" हे कौतुकानं सांगतात. अहो, ती गळते म्हणून भरत नाही! तळाला काँक्रीट, आतून गिलावा, दोन कप्पे, पहिला दोन तृतीयांश लांबीचा, बाहेर जाणाऱ्या नळीला टी, म्हणजे इंग्रजी T सारखा तुकडा. टी नसली की पाण्यावर तरंगणारी मैल्याची साय थेट शोषखड्ड्यात जाते आणि खड्डा कायमचा तुंबतो.

पाणंदवाला: तळ घाला म्हणणं सोपं आहे. तळ घातला की उपसणं आलं, आणि मैलागाडी पाणंदीत शिरत नाही. फायबरची टाकी भर पावसात रिकामी केली तर जमिनीतलं पाणी तिला वर उचलतं, नळ्या तुटतात. उपसून झाली की लगेच साध्या पाण्यानं भरायची, हे गाडीवाले सांगतच नाहीत.

चिरेखाण: म्हणून पावसाआधी उपसा! गाडी शिरत नाही म्हणून लोकांनी शेजाऱ्याच्या विहिरीत मैला सोडायचा का?

भरतीओहोटी: वाई आणि सिन्नरला नगरपरिषदेनं वेळापत्रक लावून, दर तीन वर्षांनी घरोघरी टाकी उपसायची पद्धत बसवली. तक्रारीची वाट बघायची नाही.

खाडीकाठ: वाईला समुद्र आहे का? उगाच घाटावरचे दाखले देऊ नका.

भरतीओहोटी: समुद्र हाच तर तुमच्या गटाराचा शत्रू! भरतीचं पाणी सांध्यांतून नळीत शिरतं. त्यातल्या सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड होतो, आणि काँक्रीटची नळी वरच्या बाजूनं खाल्ली जाते.

खाडीकाठ: एचडीपीईची, म्हणजे जाड प्लास्टिकची नळी तापवून एकजीव जोडून टाका, सांधाच राहत नाही. बरं, बाहेरच्या वाड्यावस्त्यांना टाक्या राहू देत, तेवढं मानतो. बाजारपेठेला मात्र गटारच हवं, यावरून मी हलणार नाही. आणि उपसलेला गाळ उतरवणार कुठे, ते आधी सांगा. रात्री खाडीत सोडायचा असेल तर पुढचं बोलणंच नको.

चिरेखाण: गाळ वाळवायला वाळूचे वाफे, खाली निचऱ्याची नळी, निथळलेलं पाणी पुन्हा प्रक्रियेला. आणि वर पारदर्शक पत्रे हवेतच. उघड्या वाफ्यात आपल्याकडे जून ते सप्टेंबर गाळ वाळत नाही.