सॉकेटवरून निरोप धाडताना आलेले अनुभव

भाचीच्या प्रात्यक्षिकाच्या वहीत ‘क्लायंटचा संदेश सर्व्हरला जसाच्या तसा मिळतो’ हे वाक्य वाचले आणि एका साखर कारखान्याचा वजनकाटा आठवला. काट्याजवळचा संगणक ट्रकचे वजन टीसीपी सॉकेटवरून (टीसीपी म्हणजे संगणकांमधल्या जोडणीवरून माहिती पाठवण्याचे नियम, सॉकेट म्हणजे त्या जोडणीचे प्रोग्राममधले टोक) कार्यालयात पाठवत असे. एकदा २४५६० हा आकडा ‘२४५’ आणि ‘६०’ अशा दोन तुकड्यांत पोहोचला, आणि पहिल्या रिसीव्हमध्ये (म्हणजे एका वाचनात) आले तेच पूर्ण वजन असे कार्यालयातल्या प्रोग्रामने धरल्यामुळे उसाने भरलेल्या ट्रकची पावती २४५ किलोची निघाली. टीसीपी बाइट (माहितीचे छोटे एकक) क्रमाने पोहोचवते. एक निरोप कुठे संपला, हे तिच्या गावीही नसते. पुढे प्रत्येक वजनामागे नव्या ओळीचे चिन्ह पाठवून ते येईपर्यंत वाचत राहण्याचे ठरले. आपलेही अनुभव लिहावेत.

प्रतिसाद:
ट्रकचालकाने ती पावती जपून ठेवली असेल! देवनागरीत हा घोळ आणखी वाढतो. यूटीएफ-८ मध्ये (अक्षरे बाइटांत लिहिण्याच्या पद्धतीत) आपले प्रत्येक चिन्ह ३ बाइटांचे आणि वाचायचे मात्र १०२४ बाइट, म्हणजे एखादे अक्षर मधोमध चिरले जाते आणि पायथन ही प्रोग्रामिंग भाषा डीकोड करताना (बाइटांची पुन्हा अक्षरे करताना) अडून बसते.

प्रतिसाद:
आम्ही निरोपाआधी त्याची लांबी ४ बाइटांत पाठवत होतो. ‘नमस्कार’चे बाइट २१, पण पलीकडच्या यंत्राने लांबीचे बाइट उलट क्रमाने वाचले आणि ते ३५ कोटींहून अधिक बाइटांची वाट पाहत बसले.

प्रतिसाद:
वरच्या पद्धतीत लांबी आणि मजकूर वेगवेगळ्या सेंडने पाठवू नयेत. जॉन नेगल यांनी १९८४ मध्ये मांडलेल्या युक्तीनुसार आधीच्या तुकड्याची पोच (मिळाल्याची खूण) येईपर्यंत पुढचा छोटा तुकडा रोखला जातो, आणि पलीकडचे यंत्र पोच द्यायला रेंगाळत असेल तर दोघेही ‘पहले आप’ करत थांबतात. दोन्ही एकाच सेंडमध्ये दिल्यावर आमचे काम सुरळीत झाले.

प्रतिसाद:
तापमानाच्या नोंदींसाठी आम्हाला यूडीपी (पोच न मागता निरोप पाठवण्याची पद्धत) पुरले, कारण तिथे एक डेटाग्राम (एकसंध पाठवलेले पाकीट) म्हणजे एक निरोप असतो आणि एखादी नोंद हरवली तरी पुढची येतेच. पैशाच्या व्यवहाराला मात्र मी ते वापरणार नाही.

प्रतिसाद:
कुकर लावून घाईत लिहीत आहे. सर्व्हर बंद करून लगेच सुरू केला की ‘ॲड्रेस ऑलरेडी इन यूज’ (पत्ता आधीच वापरात आहे) अशी चूक येते, त्यावर काय करावे?

प्रतिसाद:
जुनी जोडणी टाइम-वेटमध्ये (बंद झाल्यावरही काही काळ राखून ठेवलेल्या अवस्थेत) असावी. बाइंड करण्याआधी (सॉकेटला पत्ता जोडण्याआधी) तोच पत्ता पुन्हा वापरू देणारा एसओ_रीयूजॲडर हा पर्याय लावावा. नंतर लावून उपयोग होत नाही.