मदत हवी आहे: 'फ्रेंड्स'मधल्या चुकांची वही कशी ठेवू?

मंडळी, 'फ्रेंड्स' ही अमेरिकन मालिका पुन्हा पहिल्यापासून बघतोय. 1994 ते 2004, दहा सीझन, आणि या खेपेला हातात वही. आता वहीचाच घोळ झालाय.

काही चुका सरळ आहेत. मोनिकाच्या दारावर सुरुवातीला 5 आकडा आहे, पुढे तोच 20 होतो. वरच्या मजल्यावरच्या घराला 5 शोभत नाही, हे नंतर लक्षात आलं म्हणे. ठीक, ही सेटवरची दुरुस्ती. पण पहिल्याच भागात मोनिका रेचलची चँडलरशी ओळख करून देते आणि ती दोघं अगदी अनोळखी असल्यासारखी वागतात. पाचव्या सीझनच्या फ्लॅशबॅकमध्ये मात्र ती दोघं कॉलेजच्या दिवसांतच एका घरात भेटलेली! हिला चूक म्हणायचं की लेखकांनी सोयीने बदललेला इतिहास?

मोनिकाचा भाऊ रॉस, त्याचा मुलगा बेन तर आठव्या सीझननंतर दिसतच नाही. धाकट्या बहिणीला तो कधी भेटला का, हा प्रश्न मला उगाचच छळतो.

अडचण अशी, की कपातली कॉफी शॉट बदलताच कमीजास्त होते तेही मी याच यादीत टाकतोय. एकाच प्रसंगाचे वेगवेगळे टेक जोडल्यावर तसं होणारच. शिवाय रुंद केलेल्या नव्या प्रिंटमध्ये कडेला जे दिसतं, ते मूळ चौकोनी चित्रात नव्हतंच. ते धरायचं का?

कुणी अशी नोंद ठेवली असेल तर रकाने कसे पाडलेत ते सांगा ना. आणि बेनचं उत्तर सापडलं असेल तर तेही.