ॲमस्टरडॅमचं तुशिन्स्की

जुन्या सिनेमा थिएटरांची सजावट म्हणजे नुसता भपका, असं काही जण म्हणतात. ॲमस्टरडॅमचं तुशिन्स्की थिएटर डोळ्यांसमोर आणलं की मला हे पटत नाही.

अब्राहम इसेक तुशिन्स्की हा पोलंडमधला ज्यू शिंपी. निघाला होता अमेरिकेला, पण वाटेत नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमलाच राहिला आणि थिएटरं काढू लागला. १९२१ मध्ये त्याने ॲमस्टरडॅमच्या एका अरुंद गल्लीत हे उभारलं. वास्तुविशारद हायमन लुई दे योंग. दर्शनी भागाला चकचकीत टाइल्स, वर हिरवट घुमटांचे दोन मनोरे. आर्ट डेको, युगेंडश्टिल आणि ॲमस्टरडॅम शैली, अशा त्या काळच्या तीन वास्तुशैलींची सरमिसळ. आत शिरलं की पायाखाली नक्षीदार जाड गालिचा आणि छतावर हळूहळू रंग बदलणारा उजेड. पुढे जीर्णोद्धारात रंगाच्या थरांखाली जुनी भित्तिचित्रं सापडली, त्यांत मोरही आहेत! तिकिटापुरते पैसे असलेल्या माणसालाही दोन तास महालात बसता यावं, हा विचार मला त्यात दिसतो आणि तो मला फार मोलाचा वाटतो.

दुसऱ्या महायुद्धात, मे १९४० च्या जर्मन बॉम्बहल्ल्यात तुशिन्स्कीची रॉटरडॅममधली थिएटरं गेली. ॲमस्टरडॅमचं हे थिएटर बचावलं, पण जर्मन अंमलात त्याचं नाव ‘तिवोली’ केलं गेलं, कारण तुशिन्स्की हे ज्यू नाव. १९४२ मध्ये आउशवित्झच्या छळछावणीत खुद्द तुशिन्स्कीला मारण्यात आलं. युद्धानंतर इमारतीला त्याचं नाव परत मिळालं, आणि आजही तिथे सिनेमे लागतात.